छापण्याआधीचा वाचक

(वि. स. खांडेकर यांच्या स्मृतिदिनानिमित्त कोल्हापुरात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



खांडेकरांच्या स्मृतिदिनी मी मोबाइलवरच्या कथा-कादंबऱ्यांवर बोलणार आहे असं कळवलं, तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांना थोडी काळजी वाटली. ‘प्रतिलिपी’ ॲपवर रोज एक भाग टाकणाऱ्या मुली कुठं आणि खांडेकरांची ‘ययाति’ कुठं, असं त्यांच्या मनात आलं असणार. ती काळजी मला समजते. म्हणून सुरुवात खांडेकरांपासूनच करते.

1920 साली खांडेकर शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि 1938 साली कोल्हापुरात आले. त्याआधी 1936 साली हंस पिक्चर्सच्या ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली होती. पुढं ‘ज्वाला’ आला, ‘देवता’ आला. तेव्हा ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ लिहून त्यांचं नाव झालेलं होतं. नावासाठी सिनेमाकडं वळायची त्यांना गरज नव्हती, आणि सिनेमा हा काही तेव्हा घरोघरी कौतुकानं बोलायचा विषय नव्हता. तरी ते त्या दालनात गेले आणि तिथंही आपलंच म्हणणं मांडत राहिले. बाबूराव पेंटरांनी तर याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथं निघाली आणि 1932 साली तिचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. गोष्ट सांगायचं नवं साधन आलं की कोल्हापूरची माणसं ते हातात घेऊन बघतात, ही आपली जुनी खोड आहे. आज ते साधन आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

मराठी माणूस संगणकावर एकमेकांना लिहून दाखवू लागला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. 1996 साली अमेरिकेत ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झालं. घरापासून लांब गेलेली माणसं सुरुवातीला रोमन अक्षरांत मराठी लिहीत आणि वाचणारे ते जुळवून वाचत. 2004 साली ‘मनोगत’ आलं, 2007 साली ‘मिसळपाव’. युनिकोडमुळं देवनागरी सगळ्या यंत्रांवर सारखी दिसू लागली आणि लिहिणाऱ्याची मोठी अडचण संपली. या ठिकाणी कथा टाकली की खाली पाचपन्नास प्रतिक्रिया येत. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनासाठी शुभेच्छा, ही तिथली रोजची भाषा. त्या प्रतिक्रियांत चुका काढणारे असत, इतिहासातला तपशील तपासणारे असत आणि शुद्धलेखनावरून लेखकाला घाम फोडणारेही असत. पण ही बहुतेक वस्ती पुण्या-मुंबईची आणि परदेशातली, संगणकावर बसून काम करणाऱ्यांची होती.

2014 साली बंगळुरूत ‘प्रतिलिपी’ सुरू झालं. बारा भारतीय भाषांत ते चालतं आणि त्यात मराठी आहे. पाठोपाठ स्वस्त स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट गावागावांत पोचलं. लिहिण्यासाठी टेबल, संगणक, कागद, टपाल, ओळखीचा संपादक, यांपैकी काहीच लागेना. कागल, गडहिंग्लज, शिरोळ, हातकणंगले, कुठूनही बाई रात्री भांडी आवरून, मुलं झोपल्यावर, अंगठ्यानं कथा लिहू लागली. 2020 च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या कितीतरी जणींनी आणि जणांनी पहिली कथा लिहिली. एका लेखन शिबिरात मला अशी एक लेखिका भेटली. ती एका पतसंस्थेत काम करते. तिच्या कादंबरीचे भाग शंभराच्या पुढं गेले होते. घरात फक्त तिच्या धाकट्या बहिणीला ते ठाऊक होतं, कारण ती टोपणनावानं लिहिते. मी विचारलं, खरं नाव का नाही लावत? ती म्हणाली, “मॅडम, सासरी कळलं तर प्रत्येक कथेत माझ्या सासूबाई शोधतील.”

मराठीत ही अडचण नवी नाही. लेखिका काशीबाई कानिटकर चोरून वाचायला शिकल्या. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं तेव्हा त्याच्या लेखिका विभावरी शिरूरकर कोण, यावरून केवढा गदारोळ झाला! लग्न न झालेल्या, शिकलेल्या, कमावणाऱ्या मुलींच्या मनात काय चाललंय ते लिहिणाऱ्या बाळूताई खरे यांना स्वतःचं नाव लपवावं लागलं, आणि प्रकाशक ह. वि. मोट्यांनी ते लपवून ठेवलं. आज टोपणनावानं लिहिणाऱ्या पोरीला आपण हसतो. तिच्या मागं नव्वद वर्षांची परंपरा आहे हे आपल्याला आठवत नाही, आणि तिलाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

रोज एक भाग, शेवटी ‘क्रमशः’, आणि वाचणाऱ्याचा जीव टांगणीला, ही पद्धतसुद्धा ॲपवाल्यांनी काढलेली नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ 1885 साली ‘पुणेवैभव’मध्ये भागांनी येऊ लागली. 1890 साली त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. आधुनिक मराठी कादंबरीचा पाया असा हप्त्याहप्त्यानं घातला गेला. हप्त्यांचे दोषही हरिभाऊंच्या लेखनात आहेत. पसारा आहे, लांबण आहे, काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तरी ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूची कहाणी दर आठवड्याला वाचणाऱ्या बायांना आपल्या घरातलं दुःख पहिल्यांदा छापलेलं दिसलं. ‘क्रमशः’ या शब्दाला नाक मुरडण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

आता मी जे वाचते त्याबद्दल. नियमितपणे वाचते आणि मनापासून वाचते.

पहिली गोष्ट, या लेखनात ओघ आहे. वाचकाला भाग संपेपर्यंत धरून ठेवायचं कसब यांपैकी अनेकांनी कुणी न शिकवता मिळवलं आहे. ना. सी. फडके याच गावात राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. कथा कशी गुंफावी, वाचकाचं कुतूहल कसं टिकवावं, यावर त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. त्यांनी जे सूत्रबद्ध केलं ते या मुलींना वाचकांच्या प्रतिक्रियांतून हाताला लागलं आहे. बाबा कदमांनी कोल्हापुरातच राहून ढिगानं कादंबऱ्या लिहिल्या. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत त्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली. समीक्षकांनी त्यांची दखल घेतली नाही आणि वाचकांनी त्यांना सोडलं नाही. आज लायब्ररीची ती गर्दी मोबाइलवर गेली आहे. बाबा कदमांच्या बाबतीत आपण जे केलं तेच या पिढीच्या बाबतीत करायचं का?

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलते. यातल्या पुष्कळ कथा एकाच साच्यातून निघालेल्या आहेत. नायक श्रीमंत, उद्योगपती, रागीट. नायिका गरीब, हळवी, सुंदर. करारानं झालेलं लग्न. तो तिला घरात कोंडतो, फोन काढून घेतो, हात उगारतो, आणि चाळिसाव्या भागात ते सगळं प्रेम होतं असं कळतं. हे लिहिणारी बाई स्वतः नोकरी करते, स्वतःचं पासबुक सांभाळते. मग ती हे का लिहिते? मी विचारून पाहिलं. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळालं: “असलं लिहिलं की वाचलं जातं.”

हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्यामागची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. भाग टाकला की वाचकाच्या फोनवर सूचना वाजते. किती जणांनी वाचलं, किती तारे दिले, किती जण ‘फॉलो’ करू लागले, ते लेखिकेला लगेच दिसतं. काही मालिकांचे पुढचे भाग वाचायला वर्गणी भरावी लागते किंवा थांबावं लागतं, आणि त्या उत्पन्नातला वाटा लेखकाला मिळतो. भाग जितके जास्त तितकी वाचकाची सवय पक्की. दोन दिवस लिहिलं नाही तर वाचक दुसऱ्या मालिकेकडं जाईल ही धास्ती कायम. अशा वेळी कथा संपवणं लेखिकेच्या तोट्याचं होतं आणि ताणणं फायद्याचं. तीस भागांत संपणारी गोष्ट दीडशेवर जाते. मेलेलं पात्र परत येतं. ‘पुढचा भाग लवकर टाका ना ताई’ असं शंभर जण म्हणत असताना ‘मला हा भाग पुन्हा लिहायचा आहे’ असं म्हणायला फार मोठं बळ लागतं.

जगात सगळीकडं असंच चाललंय. जपानमध्ये 2007 साली सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी निम्म्या मूळ मोबाइलवर लिहिलेल्या होत्या. टोरोंटोचं ‘वॉटपॅड’ 2006 साली निघालं. त्यावर भागाभागांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांची पुस्तकं झाली, चित्रपट झाले. पण तिथंही छापील पुस्तक होताना मध्ये कुणीतरी संपादक बसला, आणि माझं आजचं मुख्य म्हणणं त्या माणसाबद्दल आहे.

या नव्या व्यवस्थेत लिहिणाऱ्याला हजारो वाचक मिळाले, पण तिचं लेखन प्रसिद्ध व्हायच्या आधी वाचणारा एक माणूस मिळाला नाही. छापण्याआधीचा वाचक नाहीसा झाला.

‘सत्यकथा’ मासिक आठवा. 1933 ते 1982 ते चाललं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा वाचायचे, लेखकाला पत्र लिहायचे, इथं पात्र खोटं वाटतं, इथं शेवट घाईत झालाय, असं कळवायचे. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. मराठी नवकथेची घडण अशा कागदांच्या जाण्यायेण्यात झाली. त्या काळी लिहिणाऱ्याला ‘साभार परत’ या दोन शब्दांची धडकी भरायची, पण ज्याला सोबत चार ओळींचं पत्र आलं त्याला आपलं लेखन कुणीतरी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलंय हे कळायचं.

मी त्या काळाचे गोडवे गात नाही. संपादक म्हणजे दार, आणि ते दार सगळ्यांसाठी सारखं उघडत नव्हतं. 1969 साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती काही गंमत म्हणून नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत फारसे गेले नाहीत. त्यांची ‘फकिरा’ 1959 साली आली, लोकांनी डोक्यावर घेतली, पण साहित्याच्या बैठकीत त्यांना बसायला जागा मिळायला किती वर्षं लागली! दलित लेखकांना ‘अस्मितादर्श’सारखं स्वतःचं व्यासपीठ उभारावं लागलं. खेड्यातल्या बाईची हस्तलिखितं तर संपादकापर्यंत पोचतच नव्हती, मग परत येणार कुठून? ॲपनं हे दार काढून टाकलं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पतसंस्थेतल्या त्या मुलीला कुणाच्या ओळखीची, आडनावाची, पदवीची गरज पडली नाही. हे मोठं काम आहे आणि ते पुसून टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

पण दारवान गेला त्याच्यासोबत शिक्षकही गेला. एकाच माणसात ते दोघं राहायचे, म्हणून दोघंही गेले. आता दारवानाला परत न आणता शिक्षकाला परत आणता येईल का, हा खरा प्रश्न.

वाचकांच्या प्रतिक्रियांनी ते काम होत नाही. ‘अप्रतिम’, ‘खूप छान’, ‘डोळ्यांत पाणी आलं ताई’ या शब्दांनी लिहिणारीला धीर येतो, आणि धीराची किंमत मी कमी लेखत नाही. ज्या घरात बाईच्या कामाला ‘छान’ म्हणायची पद्धत नसते तिथं अनोळखी माणसाचं ‘छान’ रात्रभर पुरतं. पण त्यातून तिला हे कळत नाही की तिसऱ्या भागातला मुलगा सातव्या भागात वयानं लहान झालाय, की सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात, की सासरच्या माणसांना तिनं माणसं म्हणून पाहिलेलंच नाही.

आणि एक गोष्ट तिला कुणीच विचारत नाही: तुझ्या गावात हे कुठं घडतं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इथल्या मुली लिहितात तेव्हा कथा पुण्यातल्या बंगल्यात घडते, मुंबईतल्या काचेच्या ऑफिसात घडते, कधी लंडनला जाते. कोल्हापुरात फार क्वचित येते. एका शिबिरात शिरोळ तालुक्यातल्या एका मुलीनं मला तिची कथा दाखवली. नायक लंडनचा. ती स्वतः 2019 च्या महापुरात घरच्यांसोबत बोटीनं बाहेर पडलेली. घरात पाणी शिरलं तेव्हा म्हशींची दावी कुणी सोडली, आजी बोटीत बसायला का तयार नव्हती, पाणी ओसरल्यावर भिंतीला किती चिखल होता, हे सगळं तिनं मला चहा पिताना सांगितलं. मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, “हे कोण वाचणार मॅडम? हे तर सगळ्यांना माहीत आहे.” असल्या माहीत असलेल्या गोष्टी लिहूनच पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी ‘टारफुला’ उभी केली. कागलच्या आनंद यादवांनी स्वतःच्या घरातली दैना ‘झोंबी’त लिहिली आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. राजन गवसांच्या ‘तणकट’ला, किरण गुरवांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला, कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला हाच पुरस्कार मिळाला. हे सगळे आपल्याच जिल्ह्यातले, आणि सगळ्यांनी पायाखालची जमीन लिहिली. इचलकरंजीच्या यंत्रमागाचा खडखडाट, पहाटे डेअरीला दूध घालायची रांग, गळीत हंगामात रस्त्यावर अडकलेल्या ऊसगाड्या, एमपीएससीच्या अभ्यासिकेत चौथ्या वर्षी बसलेला भाऊ, यांच्यावर कादंबरी लिहायला आज या मुलींइतकं लायक दुसरं कुणी नाही. त्यांना तसं सांगणारं मात्र कुणी भेटलेलं नाही.

भाषेचंही तेच. बोलताना ती पोरगी “काय करालायस?”, “कुठं निघालीस गं?” असं फक्कड कोल्हापुरी बोलते, आणि लिहायला बसली की पात्रं टीव्हीवरच्या मालिकेसारखी बोलू लागतात. तिला वाटतं, लिहायची भाषा वेगळी असते. खरं तर ॲपवर तिला अडवणारा कुणी नाही, प्रमाणभाषेचा आग्रह धरणारं संपादक मंडळ नाही. इतकं स्वातंत्र्य शंकर पाटलांनाही मिळालं नव्हतं. ते वापरायचं धाडस देणारा एक माणूस पाठीशी हवा.

तरुण लेखक इथं बरेच बसले आहेत, म्हणून हक्कांविषयीही सांगते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या कथेचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क दिला असं मानतात. ॲपवर नाव नोंदवताना ‘मान्य आहे’ असं दाबतो तोही करारच, त्यामुळं दाबण्याआधी त्यातलं वाचा. कथेवरून ऑडिओ, मालिका, चित्रपट करायचे हक्क कुणाकडं जातात ते बघा. आपली कथा व्हॉट्सॲपवर ‘लेखक अज्ञात’ म्हणून फिरताना पाहिलेल्या माणसाला ही काळजी वेगळी समजवावी लागत नाही.

जपणुकीचा प्रश्न याहून अवघड आहे. छापील पुस्तकाच्या प्रती प्रकाशकानं राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्यात असा 1954 चा कायदा आहे. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक येईल तेव्हा पुस्तक कुठंतरी सापडेल, ही त्यामागची सोय. मोबाइलवरची कादंबरी त्या कायद्याच्या कक्षेत आणलेली नाही. 2009 साली ‘याहू’नं ‘जिओसिटीज’ बंद केलं तेव्हा जगभरातल्या लोकांनी तिथं लिहून ठेवलेलं पुष्कळ काही नाहीसं झालं. 2019 साली ‘गूगल प्लस’ असंच बंद झालं. कंपनी चांगली असो वा वाईट, ती धंदा करते, आणि धंदा उद्या बदलू शकतो. तेव्हा एकविसाव्या शतकातल्या मराठी बायकांनी रात्री जागून लिहिलेलं हे प्रचंड साहित्य कुठं असेल? एकोणिसाव्या शतकातल्या बायकांचं लेखन शोधताना अभ्यासकांना किती धूळ खावी लागली हे मराठीच्या शिक्षकांना ठाऊक आहे.

मग करायचं काय? मला वाटतं हे काम कंपनीवर सोपवून चालणार नाही. ते गावानं उचललं पाहिजे, आणि ते उचलण्याजोगं गाव आपलं आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून इथं आहे. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून आहे, त्यात मराठीचा विभाग आहे, खांडेकरांचं संग्रहालय आहे. तालुक्यातालुक्यात महाविद्यालयं आहेत. 1967 च्या ग्रंथालय अधिनियमाखाली चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत, दुपारी जिथं वर्तमानपत्र वाचणारे चारपाच जण सोडले तर जागा रिकामी असते. आणि निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक तर या सभागृहात प्रत्येक रांगेत बसलेले दिसतात.

वाचनालयात महिन्यातून एकदा एक बैठक भरवायची. ॲपवर लिहिणाऱ्यांनी पुढचा भाग टाकण्याआधी तिथं वाचून दाखवायचा. तीनचार जणांनी तो ऐकायचा आणि प्रश्न विचारायचे. निकाल द्यायचा नाही, पास-नापास करायचं नाही. इथं मला नायिकेचा राग पटला नाही, इथं मला कंटाळा आला, हा माणूस कुठल्या गावचा, एवढंच. टोपणनावानं लिहिणारीला टोपणनावानंच यायची मुभा हवी, आणि बैठकीतली गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री हवी. बाईला संध्याकाळी घराबाहेर पडायची अडचण असेल तर दुपारी दोनची वेळ ठेवायची, शाळा सुटायच्या आत संपवायची. तीही जमत नसेल तर भाग फोनवर पाठवावा आणि वाचणाऱ्यानं उत्तर लिहून पाठवावं. पण उत्तर किमान अर्धं पान हवं.

वाचणाऱ्यांसाठी माझी एक अट आहे, आणि ती शिक्षकांना जड जाईल. ज्याला प्रेमकथा, भयकथा, सासू-सुनेच्या गोष्टी हलक्या वाटतात त्यानं या कामाला येऊ नये. फडक्यांच्या कादंबऱ्यांत प्रेमकथाच होत्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि महाराष्ट्राला वाचायची सवय लावली. प्रेमकथा वाईट नसते. वाईट लिहिलेली प्रेमकथा चांगली करता येते, आणि ती करायला प्रेमकथा आवडणारा वाचक लागतो.

विद्यापीठानं आणि महाविद्यालयांनी या लेखनावर प्रबंध लिहावेत, एम.ए.च्या विद्यार्थ्यांना त्याचा अभ्यास करायला द्यावा. लेखकाची परवानगी घेऊन निवडक मालिकांच्या प्रती कागदावर आणि डिस्कवर जतन कराव्यात. यात उपकार काही नाहीत, अभ्यासाचा विषय समोर येऊन उभा राहिला आहे एवढंच.

यावर मला विचारलं जाईल, की छापण्याआधीच वाचून दाखवायला लेखक कशाला येतील, त्यांना तर लगेच हजार वाचक मिळतात. काही येणार नाहीत. ज्यांना फक्त तारे हवेत ते येणार नाहीत आणि त्यांना ओढून आणायचंही नाही. पण मला भेटलेल्या लेखिकांपैकी बहुतेकींनी, मी न विचारता, एक वाक्य म्हटलं आहे: मला कुणीतरी खरं सांगायला हवंय. शिवाजी सावंत इथल्या राजाराम हायस्कुलात शिकवत होते तेव्हा त्यांची ‘मृत्युंजय’ आली. 1967 साल, वय सत्तावीस, पहिलीच कादंबरी आणि एवढी जाडजूड. पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाच्या अनंतराव कुलकर्ण्यांनी त्या अनोळखी शिक्षकाचं हस्तलिखित वाचलं आणि त्यावर पैसे घातले. तसा एक वाचणारा मिळणं हा तेव्हाही नशिबाचा भाग होता. त्याची व्यवस्था लावता आली तर नशिबावर विसंबावं लागणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. वाचणाऱ्याला मानधन द्यायला हवं असं माझं मत आहे. फुकटचं काम चार महिने उत्साहानं होतं आणि पाचव्या महिन्यात बैठकीला कुलूप लागतं. रक्कम मोठी नको, येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मान राहील एवढी. आपापल्या वाचनालयाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा ग्रंथखरेदीच्या खाली ‘हस्तलिखित वाचन’ असा खर्चाचा एक रकाना घालायचा ठराव आणा. मी ज्या वाचनालयाची सभासद आहे तिथं तो मी मांडणार आहे, आणि त्याला अनुमोदक हवा आहे.